टाकीमागे काही नाही

शमीमभाभी, तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमच्यावर रागावलेली होते. आज बारा दिवस झाले, अजून आहे. तुमच्या घरात बायका बसल्या होत्या तिथे मीही येऊन बसले. तुमच्या सुनेने दिलेला चहा घेतला. सगळ्या जणी तुमचं चांगलं बोलत होत्या आणि मी मान हलवत होते, कारण त्या बोलत होत्या ते खरंच होतं. माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त होतं सांगायला. पण तोंड उघडलं असतं तर आधी दुसरंच काही बाहेर पडलं असतं. म्हणून गप्प बसले आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं. आपल्या दोघींत लिहिण्याचं काम माझ्याकडेच होतं.

ते काम माझ्याकडे कसं आलं हे तुम्ही लोकांना हसून सांगायचात. बीडच्या कडेला तीन बिल्डिंगांची आपली वसाहत, बांधणारा बांधून मोकळा झाला, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात जिन्यांतून पाणी उतरायला लागलं. मीटिंग झाली. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नव्हतं. मागून एक जण म्हणाला, "ह्या बाई बी.ए. हायती, त्यांनाच करा." मला ते लई गोड लागलं, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. चौसाळ्याच्या पलीकडे आमचं गाव, घरी मेंढरं, वडील कळप घेऊन माजलगावकडच्या उसाच्या रानात उतरायचे आणि तिथून परत येईस्तोवर माझी परीक्षा होऊन गेलेली असायची. अशा घरातली मी, बीडमध्ये फ्लॅट, आणि आता सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी जाऊन जाड पुठ्ठ्याची लांब वही आणली आणि पहिल्या पानावर चांगल्या अक्षरात वसाहतीचं नाव लिहिलं. पुढे काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं.

ते तुम्ही आणलंत. जिन्यात मला थांबवून म्हणालात, "मॅडम, तुमची मोटर रडती हाय."

मी म्हणाले, "म्हणजे?"

"म्हंजे रडती. कान न्हाईत का तुमाला?"

तुमच्या नवऱ्याचं, रऊफभाईंचं, जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं रिवाइंडिंगचं दुकान, आणि बत्तीस वर्षं तुम्ही त्यांचा डबा घेऊन त्या दुकानात जात होतात. पंपाच्या आवाजावरून त्याचं दुखणं तुम्हाला ऐकू यायचं. मला घेऊन खाली गेलात, माझा हात पंपाच्या अंगावर ठेवलात, नेलात मागे, परत ठेवलात. "इथं गरम, इथं न्हाई. बेअरिंग गेली. आज बदली तर बेअरिंग जाती, दिवाळीला बदली तर मोटर जाती." हे मी त्याच दिवशी वहीत लिहिलं. त्या वहीतली पहिली कामाची ओळ ती तुमची.

मग आपली फेरी सुरू झाली. महिन्याचा पहिला रविवार, सकाळचा चहा झाला की. पंप, व्हॉल्व्ह, गच्चीतून खाली येणारे पावसाच्या पाण्याचे पाइप, भिंतीतल्या चिरा, टाकीचं झाकण. तुम्ही बघायचं, मी लिहायचं. लोक हसायचे. चेअरमन तर मला "इन्स्पेक्टर मॅडम" म्हणायचे. दुष्काळाचं साल आलं, नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, आजूबाजूच्या वसाहतींत टँकर लागले, आणि आपल्या टाकीतलं पाणी मात्र पुरत राहिलं. टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या आपल्या फ्लोटचं रबर तुम्ही वेळेवर बदलून घेतलं होतं, बाकीच्यांच्या टाक्या भरताना वरून वाहून जात होत्या, एवढाच फरक. त्या उन्हाळ्यात कोणी हसलं नाही. चेअरमननी स्वतः घरी येऊन, "वहिनी, तुमच्यामुळं झालं," म्हटलं. मी तुमचं नाव सांगितलं. सांगितलं होतं, भाभी. मी तुमचं श्रेय कधी खाल्लं नाही. हे यासाठी लिहिते की तुम्ही माझ्याशी जे केलंत ते मी असं काही केलं म्हणून केलं नव्हतं.

आता पिंपळाचं. फेरी सुरू झाल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यानंतर पाइपांच्या सांध्यात, गच्चीच्या कठड्यात, जिथे पाखरं बसतात तिथे तिथे पिंपळाची रोपं फुटली. बोटभर असतं तोवर दोन पानांचं गोजिरवाणं दिसतं. हातभर झालं की भिंत फाडतं. मी एक मजूर बोलावला. त्याने खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाला, "बाई, दुसरं कायबी सांगा. माझ्या घरी लेकरं हायती." मी त्याला बरंच काही सुनावलं, शिकल्यासवरल्यासारखं. तो म्हणाला, "मंग तुमीच उपटा की."

आणि मी उपटलं नाही. हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. आमचे वडील मेंढरांसाठी बाभळ छाटायचे, लिंब छाटायचे, पळस छाटायचे. पिंपळाखालून जाताना कुऱ्हाड धोतरात लपवायचे. त्यावर मुंजा असतो. लग्नाआधी गेलेलं घरातलं पोर तिथे येऊन राहतं, आणि ज्याने झाड तोडलं त्याच्या मागे लागतं. बी.ए.च्या तीन वर्षांत मला हे कोणी खोटं आहे म्हणून शिकवलं नव्हतं आणि खरं आहे म्हणूनही नाही.

तुम्ही सगळं बघत होतात. तुम्हाला इतकं हसू आलं की कठड्याला धरून बसलात. "तू बी.ए. ना गं, सुरेखा? हट, मैं देखती. तुमचा मुंजा मेरेकू पहचानता बी न्हाई." त्या दिवसापासून मी मॅडमची सुरेखा झाले. स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन आलात, रोपाच्या बुडाशी पाणी ओतलंत, दम धरलात, मग पीळ देऊन मुळासकट काढलंत. मूळ तुटलं तर त्या भोकात खडेमीठ आणि वरून सिमेंट. खालच्या बायका दाराआडून बघत होत्या. त्या सगळ्यांना पिंपळ काढून हवा होता, फक्त आपल्या हाताने नको होता. तुम्ही तो सगळ्यांच्या वतीने काढत राहिलात, वर्षानुवर्षं, आणि त्याबद्दल कधी कोणाला एक शब्द ऐकवला नाही.

दुसऱ्या बिल्डिंगवरच्या सिमेंटच्या टाकीला लोखंडी शिडी आहे. मला उंचीचं भ्या. मी शिडीखाली वही घेऊन उभी राहायची, तुम्ही पदर खोचून वर जायचात, टाकीच्या मागे वीतभर रुंदीची कड आहे तिच्यावरून आडवं चालून बघायचात आणि वरून सांगायचात. झाकण ठीक. पाइप ठीक. टाकीमागे काही नाही. मी लिहायची, टाकीमागे काही नाही. शेजारी तारीख आणि माझी सही.

वर जाताना तुमच्या हातात पाण्याची बाटली असायची. एकदा मी विचारलं, "भाभी, पाच मिनिटांचं काम, पाणी कशाला?" तुम्ही म्हणालात, "वर गेलं की घसा सुखतो गं." मी त्यावर विचारसुद्धा केला नाही.

मग कमानीचं निघालं. चेअरमनना वसाहतीचं रूप बदलायचं होतं. गेटवर दगडी कमान, पुढच्या भिंतींना काच आणि फरशी, आत रंगीत ब्लॉक, मधोमध कारंजं. बीडसारख्या गावात, जिथे नळ कधी येईल ते कोणी सांगत नाही, तिथे कारंजं. प्रत्येक घराने वाटा उचलायचा होता आणि तो लहान नव्हता. आपण दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात बसून चार दिवस तयारी केली. त्याच पैशांत जुने पाइप सगळे बदलून होतात, तिन्ही गच्च्या वॉटरप्रूफ होतात आणि पुढची कित्येक वर्षं फेरीचा खर्च निघतो, असा आपला मुद्दा. तुम्ही कांदा चिरता चिरता म्हणालात, "कमान चांगली दिसंल, मी न्हाई कुठं म्हनती. पर कमान टाकी धुती का?" मी म्हणाले हे मीटिंगमध्ये तुम्हीच बोला. तुम्ही म्हणालात, "तू बोल. तू वाचून दाखिव. वही हाय ना तुझ्याकडं." तेव्हा तुम्हाला माहीत होतं. वहीत काय खोटं आहे हे माहीत असताना तुम्ही मला ती वही घेऊन उभं केलंत. त्या चार दिवसांचं मला काय वाटतं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही.

मीटिंगला सगळी वसाहत होती. मी उभी राहिले आणि वही वाचली. बेअरिंग, फ्लोट, पाइप, चिरा, एकेका वर्षाचं. लोक ऐकत होते, भाभी. पहिल्या बिल्डिंगमधले ते निवृत्त मास्तर तर मान डोलवत होते. मी म्हणाले, आपली वसाहत नवी दिसायची गरज नाही, ती टिकायला पाहिजे, आणि टिकवायला काय लागतं ते या वहीत आहे.

चेअरमन शांतपणे म्हणाले, "मॅडम, टाकीमागं काय लिवलंय तेवढं वाचा की."

मी वाचलं. "काही नाही."

"मागच्या महिन्यात?"

"काही नाही."

"त्याच्या मागच्या?"

मग त्यांनी मोबाइल फिरवला. कमानीच्या ठेकेदाराच्या माणसाने समोरच्या गच्चीवरून फोटो काढला होता. टाकीच्या मागे मनगटाएवढ्या बुंध्याचा पिंपळ, मुळी टाकीच्या बुडात शिरलेली, खाली भिंतीवर ओलीचा काळा पट्टा. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "इन्स्पेक्टर मॅडमच्या वहीवर पिंपळ उगवला बे." मास्तरही हसले. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चौथ्या ओळीत बसला होतात, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तुम्ही उठाल असं मला वाटलं. फक्त एवढं म्हणाल, की वर मी जात होते, ही नाही. तुम्ही उठला नाहीत. हात वर करायची वेळ आली तेव्हा कमानीच्या बाजूने नाही आणि माझ्याही बाजूने नाही, तुमचे हात मांडीवरच राहिले. कमान मंजूर झाली.

जिन्यात मी तुम्हाला गाठलं. "भाभी, दिसलं नाही तुम्हाला?" मला वाटत होतं गुडघे दुखत असतील, मागे जाणं होत नसेल, सांगायला लाज वाटली असेल. मी तुमच्यासाठी कारणं तयार करून आले होते.

तुम्ही म्हणालात, "दिसलं."

"कधीपासून?"

"बोटभर होतं तवापासून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस."

"लिहायचंच असतं ते."

"म्हनून न्हाई सांगितलं. किसीकू जबान दी थी मैं."

"कोणाला?"

"वो तेरेकू बी न्हाई बोलती, सुरेखा. बुरा मत मान."

मी बुरा मानला. चांगलाच मानला. वही खोटी ठरली, सही माझी होती, आणि मी ज्या माणसासाठी चारचौघांत हसं करून घेतलं ते माणूस जिन्यात उभं राहून मला सांगत होतं की तिसरंच कोणीतरी आहे ज्याला दिलेला शब्द माझ्यापेक्षा मोठा आहे. त्या दिवसापासून आपण बोललो नाही. फेरी बंद पडली. ईदला तुम्ही शीरखुर्मा पाठवलात. मी तो खाल्ला, भांडं घासलं आणि रिकामं परत पाठवलं. आपल्यात भांडं रिकामं परत जात नाही हे मला माहीत होतं, आणि तुम्हालाही. सुनेच्या हातातून ते घेताना तुम्ही काय म्हणालात हे मी तिला परवा विचारणार होते. धीर झाला नाही.

कमान उभी राहिली. कारंजं दोन दिवस उडालं. पिंपळ तोडायला ठेकेदाराने बाहेरगावचा माणूस आणला. त्याने मशीनने बुंधा भिंतीशी सपाट कापला, वरून प्लास्टर, त्यावर रंग. खालून मी बघत होते. मूळ आतच राहिलं, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ऐकणार कोण, वहीवाली बाई मी. तुमच्या खिडकीचा पडदा हलला तेव्हा. तुम्हीही बघत होतात. आपण दोघी एकच गोष्ट बघत होतो आणि दोघींनाही तिचं काय चुकतंय ते माहीत होतं, आणि तरी मी तुमच्या खिडकीकडे पुन्हा बघितलं नाही.

तुम्हाला नेल्यावर चौथ्या दिवशी विमलकाकू माझ्याकडे आल्या. पहिल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्या, ज्यांचा मुलगा मांजरसुंब्याजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला त्या. लग्न ठरलं होतं त्याचं. बसल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि सरळ बोलायला लागल्या.

"त्यो गेला त्याच्या म्होरच्या पावसाळ्यात माझ्या खिडकीसमोर पिंपळ फुटला, सुरेखा. टाकीमागं. मला दिसला. म्या शमीमच्या पाया पडले. म्हनले, एवढा ठिव."

मी गॅस बंद करून त्यांच्यासमोर बसले.

"ती न्हाई म्हनली आधी. म्हनली, टाकी फुटंल. मंग म्या रडले. मंग ती म्हनली, बरं. आनि पानी बी ती घालायची. मला चढता येत न्हाई न्हवं. दर महिन्याला माझ्या घरचं पानी बाटलीत भरून न्यायची."

बाटली. घसा सुखतो म्हणून नेत होतात ती.

"काकू," मी म्हणाले, "मीटिंगला तुम्ही कमानीच्या बाजूने हात वर केला होता. मी बघितलं होतं."

त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं, फोटू दिसला तरी हे समदे कमानीत गुतले की टाकीकडं परत कोन बघतंय. तुझी फेरी ऱ्हायली असती तर आता तू सोता वर चढली असतीस."

असं होतं ते. मला हरवायला चेअरमन लागले नाहीत. एका आईने झाड वाचवायला कमानीला मत दिलं, आणि कमानीवाल्यांनीच तिचं झाड कापलं. तुम्ही शब्द पाळलात तोही वाया गेला. काकूंवर मला रागावता आलं नाही. तुमच्यावर आलं. अजून येतं. वसाहतीतली एक बाई मुंजाला घाबरून हात मागे घेते आणि तुम्ही, ज्यांचा त्या मुंजाशी काही संबंध नाही, त्याला दर महिन्याला पाणी घालता, यात तुमचं मन केवढं मोठं होतं ते मला कळतं. मी काही दगड नाही. पण त्या मोठ्या मनात सगळ्यांना जागा होती, विमलकाकूंना होती, त्यांच्या मुलाला होती, आणि मी खाली शिडीपाशी उभी होते, तुम्ही सांगाल ते खरं मानून सही करत. माझ्याशीच तेवढं खोटं बोलायचं ठरलं तुमचं.

या रविवारी मी शिडी चढले. रऊफभाईंनी खालून शिडी धरली. मी खाली बघितलं नाही. टाकीमागे नव्या रंगाला तडा गेलाय आणि तड्यातून तांबूस पानं बाहेर आलीत, चार. मी खाली उतरून वही काढली आणि लिहिलं, टाकीमागे पिंपळ, मूळ आत आहे. मग तशीच विमलकाकूंकडे गेले आणि त्यांना तोंडावर सांगितलं की पुढच्या रविवारी मी ते काढणार आहे, भिंत थोडी फोडून, मुळासकट, माझ्या हाताने. जगलं तर मागच्या मोकळ्या कोपऱ्यात लावू. नाही जगलं तर नाही.

काकू म्हणाल्या, "तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं," मी म्हणाले.

"आनि म्या नको म्हनले तर?"

"तरी काढणार. टाकीतलं पाणी सगळी घरं पितात."

त्या रडल्या. मी उठून गेले नाही, बसून राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, कोपऱ्यात ऊन लागतं, कंपाउंडच्या भिंतीपासून लांब लाव, न्हाई तर ती बी फाडंल. मी हो म्हणाले. मग खड्डा केवढा, आळं कसं, पाणी कोणी घालायचं यावर आमचं थोडं वाजलंही.

परत येताना जिन्यात माझ्या डोक्यात एकच आलं. तेव्हा ते बोटभर होतं. तुमच्या सांडशीने दोन मिनिटांत अलगद निघालं असतं, एकही मुळी न तुटता, आणि त्याच कोपऱ्यात लागलं असतं. विमलकाकूंच्या खिडकीतून तोही दिसतो. आज तिथे झाड असतं, टाकीची भिंत कोरडी असती आणि मीटिंगमध्ये मी वही पूर्ण वाचून, मिटून खाली बसले असते. हे मला लगेच सुचलं असतं असं नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी आधी नाहीच म्हणाले असते, तुम्हाला ते बरोबर ठाऊक होतं. मग तुम्ही मला बी.ए.वरून टोमणा मारला असता, मी चिडले असते, आठवडाभर आपण जिन्यात तोंडं फिरवली असती, आणि पुढच्या रविवारी वर जाताना तुम्ही पुन्हा तोच विषय काढला असता. अशीच तर आपली सगळी कामं झाली. तुम्ही मला ते भांडणसुद्धा दिलं नाही, भाभी.